शॉट डिव्हिजनच्या वहीतला शेवटचा रकाना

१८ मार्च २०२५ ला सकाळी माझ्या पहिल्या चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र आलं. पटकथेचं शेवटचं पान लिहून झालं होतं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधल्या २५ महिन्यांत कॅमेरा चालला फक्त २४ दिवस. बाकीचे दिवस कशात गेले ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. मी सुरुवात केली तेव्हा हे सगळं सलग सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. संकलकाला संकलनाचं माहीत, निर्मिती व्यवस्थापकाला परवानग्यांचं, वकिलांना कराराचं. दिग्दर्शकाने 'क्रिएटिव्ह'पुरतं बघावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मला पटत नाही आणि का पटत नाही तेही पुढे येईलच.

आधी थोडं माझ्याबद्दल. २००७ मध्ये मी एका चित्रपटावर चौथी असिस्टंट म्हणून लागले. काम क्लॅपचं. पाटीवर सीन, शॉट, टेक लिहायचा, लेन्ससमोर नीट धरायची, कलाकाराच्या तोंडाजवळ असेल तर हळू वाजवायची आणि केबलवर पाय न देता फ्रेमबाहेर जायचं. पुढची दोन वर्षं कंटिन्युइटी सांभाळली. कुणाच्या बाहीची घडी किती, पेल्यात पाणी किती, पदर कुठल्या खांद्यावर, याच्या नोंदी मी अजून जपून ठेवल्या आहेत. मग मालिका आली. मालिकेत दिवसाला जवळपास अख्खा भाग हातावेगळा करावा लागतो, त्यामुळे आदल्या रात्री शॉट डिव्हिजन, म्हणजे सीनचे शॉट कसे पाडायचे ते, लिहून ठेवल्याशिवाय निभाव लागत नाही. तिथे लागलेली वहीची सवय आजतागायत आहे. आडवे रकाने: सीन, शॉट, लेन्स, कलाकार, प्रॉपर्टी (म्हणजे सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू), वेळ. सेटवर माझ्या हातात मॉनिटर नसला तरी चालतं, पण वही लागते.

चित्रपट सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला आहे. एक आई, तिचा अकरा वर्षांचा मुलगा, विडी ओढणारा सासरा आणि एक शेळी. प्रदर्शनाची तारीख ठरली नाही म्हणून नाव इथे देत नाही.

मार्च २०२३ मध्ये पटकथा पटकथाकारांच्या संघटनेकडे, म्हणजे स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवली. तिथे पानांच्या हिशेबाने पैसे भरायचे असतात आणि काम पटकन होतं. शिवाय कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृती म्हणून अर्ज केला, त्याचं शुल्क ५०० रुपये. अर्जानंतर कुणाची हरकत येते का हे बघायला ३० दिवस थांबावंच लागतं, त्यात कुणाची घाई चालत नाही. निर्माते शोधायला निघण्याआधी ही दोन्ही कामं उरकून घ्या. पटकथेची पीडीएफ एकदा बाहेर पडली की ती कुठे कुठे फिरते ते आपल्याला कळत नाही.

निर्माते मिळायला पाच महिने लागले. अकरा ठिकाणी पटकथा वाचून दाखवली. वाचूनच दाखवते मी, पाठवून देत नाही. ऐकणारा कुठे खुर्चीत सरकतो आणि कुठे फोनकडे बघतो ते कळतं, आणि त्याच रात्री तो सीन पुन्हा लिहायला घेता येतो. ऑगस्टमध्ये मालिकेच्या दिवसांतले एक ओळखीचे गृहस्थ आणि त्यांचे दोन मित्र तयार झाले. खर्चाचा आकडा ठरला ९६ लाख. करार १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केला. (पुढे एक पुरवणी करार करावा लागला तोवर नियम बदलला होता. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० चे स्टॅम्प बंद होऊन किमान ५०० चा लागतो.)

शीर्षकाची नोंदणी आम्ही अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे केली. मला हवं असलेलं नाव आधीच कुणीतरी नोंदवलेलं होतं. दोन वर्षं ज्या नावाने त्या गोष्टीला मनात हाक मारली ते नाव दुसऱ्याचं निघालं, आणि मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. तेव्हा अर्ज करताना तीन पर्याय द्या आणि तिन्ही नावांवर आपला जीव असू द्या. नावाचं इंग्रजी स्पेलिंगही त्याच दिवशी ठरवून टाका. करार, बँक खातं, सेन्सॉरचा अर्ज, सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लागतं.

सप्टेंबरमध्ये पहिलं वाचन झालं. आमचे निर्मिती व्यवस्थापक पस्तीस वर्षं या धंद्यात आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. वाचन संपल्यावर कलाकार भूमिकांबद्दल बोलत होते, छायालेखक उन्हाबद्दल. काकांनी शांतपणे आपली प्रत माझ्यापुढे सरकवली. अख्ख्या पटकथेत लाल पेनने चारच गोल केलेले.

"मुलगा अकराचा म्हणजे खरंच अकराचाच घेणार? शेळी कुणाची? विडी पडद्यावर किती वेळा पेटते? आणि रेडिओवर हे गाणं लागतं, ते कुणाच्या मालकीचं?"

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, "ताई, ही माझी कामं आहेत, मी करतो. पण यातलं एकेक तुमचा सीन बदलणार आहे. तो मी बदलायचा का तुम्ही, तेवढं ठरवा."

त्या रात्री वहीत सातवा रकाना आखला आणि वर लिहिलं: कागद.

मुलापासून सुरुवात केली. बालकलाकार असेल तर ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत ते आहे. सोबत निर्मात्याचं हमीपत्र, आईवडिलांची संमती आणि मुलाच्या देखभालीसाठी नेमलेल्या माणसाचं नाव द्यावं लागतं. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळेचा अभ्यास बुडता कामा नये. आणि मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा. साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या, पहिल्या अर्जापासून परवानगी हातात पडेपर्यंत २६ दिवस. तिथल्या अव्वल कारकून बाईंनी पहिल्याच फेरीत एका कोऱ्या कागदावर काय काय जोडायचं ते लिहून दिलं, म्हणून तीनच झाल्या. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. पुढच्या वेळी चौकशी करताना तो क्रमांकच उपयोगी पडतो.

आता या पाच तासांनी चित्रपटाचं काय केलं ते सांगते. माझ्या मूळ आखणीत मुलगा रोज सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत सेटवर होता, कारण तो जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये आहे. वही घेऊन बसले आणि त्याच्या प्रत्येक शॉटसमोर प्रश्न लिहिला: याचा चेहरा इथे लागतो का? चाळीसेक शॉट असे निघाले की तिथे आई त्याच्याकडे बघते आहे आणि तेवढं पुरे. त्यांत मुलाच्या जागी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडला खूण लावून आईच्या भूमिकेतल्या अभिनेत्रीला नजर दिली. बारा दिवसांची कार्यशाळा घेतली तेव्हाच तिला हे सांगून ठेवलं होतं. तिने मुलाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घेतला आणि शॉटआधी कानाला लावून ऐकायची. एकूण वेळापत्रक सुट्ट्यांसह २६ दिवसांत बसवलं, तेही त्या २७ च्या मर्यादेमुळेच.

मुलाला मी संवाद लिहून दिले नाहीत. कार्यशाळेत आम्ही प्रसंग खेळायचो. तू घरी उशिरा आलास, आजोबा दारात बसलेत, तुला मागच्या दाराने शिरायचं आहे, शीर. तो काय बोलतो ते माझा असोसिएट दिग्दर्शक टिपून घ्यायचा आणि त्यातले शब्द मी पटकथेत घ्यायचे. लहान मुलाकडून पाठांतर करून घेतलं की तो वाक्य संपायची वाट बघतो आणि डोळे रिकामे होतात. मालिकेत हे इतक्या वेळा पाहिलं होतं की यावेळी तसं होऊ द्यायचं नाही एवढं पक्कं ठरवलं होतं.

शेळीचा अर्ज डिसेंबरमध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे केला. हे मंडळ पूर्वी चेन्नईला होतं, आता हरियाणात बल्लभगढला आहे. चित्रीकरणाआधी कळवायचं असतं: प्राणी कुठला, वय काय, तब्येत कशी, तो पडद्यावर काय करणार, किती वेळ. पशुवैद्यकाचा दाखला जोडायचा. मग चित्रीकरण झाल्यावर त्या दृश्यांची फीत पाठवून ना-हरकत घ्यायची, कारण ती जोडल्याशिवाय सेन्सॉरचा अर्ज पुढे जात नाही. गावातल्या एका आजींची शेळी ठरली. काळी, डाव्या कानावर पांढरा ठिपका. दाखल्यात हेच वर्णन लिहिलं गेलं. परवानगी यायला १९ दिवस लागले. चित्रीकरणाच्या दिवसांसाठी एक खासगी पशुवैद्य ठेवले, रोजचे ३,००० रुपये.

चित्रीकरण ५ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालं. ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस ठाण्याला पत्र, शाळेच्या इमारतीसाठी परवानगी, हे काकांनी जानेवारीतच उरकलं होतं. मी रोज युनिट यायच्या आधी वीस मिनिटं एकटी लोकेशनवर फिरायची. हातात वही, पण उघडायची नाही. ऊन कुठून आलंय, रात्रीत काय बदललंय, कुणी भिंतीला नवा कांदा टांगलाय का, एवढं बघायचं. मग छायालेखकाबरोबर पहिला शॉट ठरवायचा. टेक ओके नसेल तर काय हवंय ते एका वाक्यात सांगायचं आणि ते वाक्य सुचत नसेल तर 'वन मोअर' म्हणायचं नाही, हा नियम मी असिस्टंट असतानाच मनाशी करून ठेवला होता. २४ पैकी एकोणीस दिवस पाळता आला. उरलेल्या पाच दिवसांत ऊन चाललं होतं आणि मी ओरडले. ज्यांच्यावर ओरडले त्यांना त्याच संध्याकाळी भेटून आले.

नवव्या दिवशी शेळी लंगडत आली. त्या दिवशी आमचा मोठा सीन होता: आई शेळी विकायला बाजारात नेते आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरते. डॉक्टरांनी पाय चाचपला, खुराच्या बेचक्यात काटा होता, सूज होती. म्हणाले, आज हिला चालवायचं नाही. आजी शेजारी उभ्या होत्या. त्या शेळीला "बाई" म्हणून हाक मारत. "बाईचा पाय लई ठणकतोय वं ताई, राहू द्या आज."

प्रॉडक्शनमधला एक मुलगा धावत शेजारच्या गोठ्यातून दुसरी काळी शेळी घेऊन आला. कान काळे. पांढरा ठिपका रंगवता येईल म्हणाला. पन्नास माणसं उन्हात उभी होती, त्या एका दिवसाचा खर्च दोन लाखांच्या घरात. मी वही उघडली. सातव्या रकान्यात वर्णन लिहिलेलंच होतं. दुसऱ्या शेळीचा दाखला नाही, परवानगी नाही. उद्या कागद खोटा ठरला तर आजवर चित्रित केलेल्या शेळीच्या चार दिवसांची दृश्येही अडकतील. आणि ठिपका रंगवून आणलेलं जनावर आजींच्या डोळ्यांदेखत "बाई" म्हणून चालवायचं, हे मला जमलं नसतं.

सीन बसून पुन्हा लिहिला. आईच्या हातात फक्त दावं. दाव्याचं दुसरं टोक फ्रेमबाहेर, तिथे आमचा एक असिस्टंट. तो चालीचा ताण देत होता: दोन पावलं सैल, एक ओढ, मग एकदम थांबणं. तासभर त्याने आजींच्या गोठ्यात जाऊन शेळी दावं कशी ओढते ते हाताने अनुभवून घेतलं होतं. अभिनेत्रीच्या तळहातावर काथ्याचा वळ उठला, तो खरा आहे, मेकअप नाही. लोक म्हणतात सीन छान झालाय. मला अजूनही त्यात शेळीचा चेहरा हवा होता. ती मागे वळून बघते हा शॉट मी पटकथा लिहिण्याच्या आधीपासून बघत होते आणि तो चित्रपटात नाही. असं होतं, आणि ते घेऊन पुढचा शॉट लावावा लागतो.

रेडिओवरचं गाणं त्याच आठवड्यात गेलं. पन्नासच्या दशकातलं गाणं आहे, आता कुणाचा काय हक्क, असं मला वाटत होतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो हे बरोबर, पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. दोन्ही वेगवेगळं मोजायचं. हक्कांसाठी सांगितलेली रक्कम साडेचार लाख होती, आमच्याकडे ती नव्हती. त्या जागी आजींनी जात्यावरची ओवी म्हटली. ओवी परंपरेची असली तरी आवाज त्यांचा आहे, म्हणून त्यांच्याकडून रीतसर संमतीपत्र घेतलं, ५,००० रुपये दिले, त्यांचा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. पत्र आधी त्यांना वाचून दाखवलं, त्यांच्या बोलीत. कुणाचाही अंगठा न वाचता घेऊ नका.

१ मार्चला पॅकअप झालं.

संकलन पाच महिने चाललं. पहिला रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, दोन तास बत्तीस मिनिटांचा. तो बघून रात्री घरी आले ती तशीच कपड्यांसकट झोपले. ज्यांचा पहिलाच चित्रपट आहे त्यांना एवढंच सांगेन की रफ कट बघून त्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका. ऑगस्टअखेर पिक्चर लॉक झालं, म्हणजे दृश्यांची मांडणी पक्की झाली, एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांवर. मग आवाज. बहुतेक चित्रपट सिंक साउंड आहे, म्हणजे आवाज सेटवरच रेकॉर्ड केलेला, पण वाऱ्यामुळे अकरा सीनचं डबिंग करावं लागलं. मुलाचा आवाज तोवर फुटायला लागला होता. डबिंगच्या त्या दोन दिवसांची भीती मला चित्रीकरणापेक्षा जास्त वाटली होती. निम्मे संवाद आम्ही सेटवर घेतलेल्या वाइल्ड ट्रॅकमधून (कॅमेऱ्याशिवाय घेतलेला नुसता आवाज) जुळवले. मुलगा वयात येण्याच्या उंबरठ्यावर असेल तर प्रत्येक सीननंतर त्याचे संवाद कॅमेऱ्याशिवाय, शांततेत एकदा रेकॉर्ड करून ठेवा. पाच मिनिटं लागतात.

ऑक्टोबरमध्ये डीआय, म्हणजे चित्रपटाचं रंगकाम, सुरू झालं तेव्हा विडीचा प्रश्न समोर आला. तंबाखू दाखवणाऱ्या चित्रपटांसाठी २०१२ पासून नियम आहेत: सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांचा आरोग्यसंदेश, शिवाय किमान २० सेकंदांचं दृकश्राव्य निवेदन, आणि जितका वेळ विडी पडद्यावर आहे तितका वेळ खाली पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत इशारा, चित्रपटाच्याच भाषेत. ब्रँड दिसता कामा नये, क्लोजअप नको. हे सगळं मला सप्टेंबर २०२३ पासून माहीत होतं. विडीच्या बंडलाचा क्लोजअप मी चित्रीकरणाआधीच काढून टाकला होता आणि सासऱ्याची विडी सात सीनवरून दोनवर आणली होती. तरी एक गोष्ट लक्षात आली नव्हती. दुसऱ्या सीनमध्ये म्हातारा बोलत नाही, त्याचे हात कापतात. मी फ्रेम अशी लावली होती की हात अगदी तळाशी. पट्टी बरोबर त्या हातांवर बसली.

स्टुडिओत तो शॉट दहा वेळा लावून पाहिला. पट्टी लहान करायचा विचार आला, पण ती स्पष्ट वाचता यावी लागते आणि मला तिच्याशी लबाडी करायची नव्हती. माझे वडील तंबाखूनेच गेले. शेवटी चित्रण ४के आणि मास्टर, म्हणजे अंतिम प्रत, त्याहून लहान २के असल्याने शॉट थोडा मोठा करून वर सरकवता आला. कपाळ कापलं गेलं, हात वाचले. विडीचा शॉट लावताना मॉनिटरच्या तळाशी चिकटपट्टी लावून घ्या, पट्टीची जागा तिथेच दिसते.

जीवजंतू कल्याण मंडळाची ना-हरकत मिळायला ४१ दिवस लागले. त्यातले पंधरा आमच्या चुकीचे: पाठवलेल्या फितीवर टाइमकोड, म्हणजे फ्रेमवर दिसणारी वेळ, नव्हता. बालकलाकाराच्या बाबतीतही चित्रपटाच्या सुरुवातीला निवेदन द्यावं लागतं, चित्रीकरणात मुलाचं शोषण वा दुर्लक्ष होऊ नये म्हणून काळजी घेतली आहे, अशा अर्थाचं. ते टायटलच्या यादीत आधीच धरा.

सेन्सॉरचा अर्ज ६ जानेवारी २०२५ ला ई-सिनेप्रमाण पोर्टलवर भरला. अर्जदार निर्माता असतो, दिग्दर्शक नाही. पण माहिती मी स्वतः भरली. सारांश, पूर्ण संवाद, गाण्यांचे शब्द, श्रेयनामावली, शीर्षकाचं पत्र, ना-हरकत. संवाद पटकथेतून उतरवून देऊ नका. मी आणि असोसिएटने चार दिवस बसून पडद्यावर जे ऐकू येतं ते शब्दन् शब्द लिहिलं. माणदेशी बोलीतले कितीतरी शब्द सेटवर बदललेले होते. तरी अर्ज एकदा परत आला: अर्जात लिहिलेली चित्रपटाची लांबी आणि सोबतच्या पत्रातली लांबी यांत बारा सेकंदांचा फरक. आम्हीच एकीकडे शेवटचा काळा पडदा मोजला होता, दुसरीकडे नाही.

डीसीपीला, म्हणजे थिएटरात लावायच्या डिजिटल प्रतीला, २२,००० रुपये लागले, वर दोन हार्ड डिस्क. दोन का? कारण एका स्टुडिओकडून आलेली पहिली डिस्क चाचणीच्या वेळी उघडलीच नाही. स्क्रीनिंगच्या आधी डीसीपी एखाद्या थिएटरात पूर्ण लावून बघाच, सुरुवातीची पाच मिनिटं बघून उठू नका.

११ फेब्रुवारीला परीक्षण समितीसमोर स्क्रीनिंग झालं, मुंबईत. आपल्याला आत बसता येत नाही. मी आणि काका बाहेरच्या बाकावर. दार जाड होतं, संवाद कळत नव्हते, पण शेळीच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. त्या घंटेवरून मी सीन मोजत होते. आता विहीर. आता शाळा. मग बराच वेळ घंटा नाही, म्हणजे बाजाराची वाट. इतक्या वर्षांत कितीतरी लोकांचे चित्रपट मी दारापर्यंत पोचवले होते, पण दाराबाहेर बसायची वेळ पहिलीच. काका म्हणाले, "जेवून घ्या." मला उठवेना.

मग आत बोलावलं. दिवे लागलेले, समितीचे सदस्य आणि अधिकारी. त्यांनी सरळ, आदराने विचारलं. शेळीच्या कागदांबद्दल एक प्रश्न आला, मी तारखा सांगितल्या. मग मुद्दा आला शेवटच्या सीनमधल्या शिवीचा. आई एकदाच बोलते ती. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांपासून यूए या श्रेणीचे तीन भाग झाले आहेत: यूए ७+, १३+ आणि १६+. शिवी ठेवली तर १६+, बदलली तर १३+, असं त्यांचं मत पडलं. यूए हा पालकांसाठी सल्ला असतो, ए (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्रासारखी बंदी नसते, हे मला माहीत होतं. हे मत मान्य नसेल तर पुनरीक्षण समितीकडे जाण्याचा मार्गही होता. पूर्वी त्यापुढे अपिलीय न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय.

विचार करायला एक रात्र घेतली. मालिकेच्या दिवसांतली एक सवय मदतीला होती: शिवी असलेल्या प्रत्येक शॉटचा मी एक टेक शिवीविना घेऊन ठेवते. त्या टेकमध्ये अभिनेत्री शब्दाच्या जागी श्वास आत ओढते आणि तो बाहेर पडत नाही. चित्रपटातला मुलगा अकराचा आहे. त्याच्याहून दोनतीन वर्षांनी मोठ्या मुलांनी तो आईबापांबरोबर बघावा, यासाठी मी लिहिला होता. निर्मात्यांशी बोलले आणि दुसरा टेक लावला. पुन्हा रंगकाम आणि मिक्सचा तेवढा तुकडा, १८,००० रुपये. निर्णय माझा होता, कुणी लादला नाही. तरीही तो शब्द आठवला की अजून दुखतं. बाईने आयुष्यभर गिळलेला तो एकच शब्द होता.

बदल सादर केले आणि १८ मार्चला प्रमाणपत्र मिळालं, यूए १३+. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात, केलेल्या बदलाची नोंद आहे. ते प्रमाणपत्र चित्रपटाच्या सुरुवातीला जोडून नवी डीसीपी काढावी लागते, तो खर्च आधीच धरून ठेवा. आम्ही धरला नव्हता.

आता चार्टर्ड अकाउंटंटकडून खर्चाचं प्रमाणपत्र घ्यायचं आहे, मग राज्य सरकारच्या अनुदानाचा अर्ज, आणि वितरकांच्या भेटी. मागच्या रविवारी गावी जाऊन आले. मुलाच्या आईकडे मुदत ठेवीची पावती दिली, तिने ती देवघरातल्या डब्यात ठेवली. मुलाचा आवाज पूर्ण बदललाय, मिसरूड फुटतंय. आजींना प्रमाणपत्राची छापील प्रत दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "यात बाईचं नाव कुठं हाय?" प्रमाणपत्रात नाही, पण चित्रपटाच्या शेवटी कलाकारांच्या यादीत आहे, पाचवं, असं सांगितल्यावर त्या उठल्या आणि गोठ्याकडे गेल्या.